तापोळ्याच्या पलीकडची निवडणूक ड्युटी : पहिल्यांदा केंद्राध्यक्ष होणाऱ्यांसाठी

आदेश शाळेत आला तो एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चलाच लागली होती, त्यामुळं ड्युटी येणार हे ठाऊक होतं. याआधी मी मतदान अधिकारी म्हणून बसलो होतो. बोटाला शाई लावायची, रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घ्यायचा, संध्याकाळी मोकळं व्हायचं. या वेळी माझ्या नावापुढं ‘मतदान केंद्राध्यक्ष’ असं छापलेलं होतं. पोटात गोळाच आला. शाई लावताना चूक झाली तर कुणीतरी सांभाळून घेतं. केंद्राध्यक्षाची चूक त्याच्या सहीनं कायमची कागदावर राहते.

पहिल्यांदा हा आदेश हातात पडून झोप उडालेल्यांसाठी हे लिहितोय. नियम सगळे हस्तपुस्तिकेत आहेत, ती वाचाच. पण डोंगरात, पाण्यापलीकडं ते नियम कसे पाळावे लागतात हे तिथं गेल्यावरच मला कळलं.

मी माण तालुक्यातला, शाळाही माणमध्येच. म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा. आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही पडला तर. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाबळेश्वरात, साडेपाच हजारांच्या वर. शाळेत ‘आपला जिल्हा’ शिकवताना ही आकडेवारी मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. महाबळेश्वरच्या खाली, कोयनेच्या पाण्याकाठच्या तापोळ्याच्या पुढं मात्र कधी गेलो नव्हतो.

पहिलं प्रशिक्षण एप्रिलमध्येच झालं. मोठा हॉल, पडद्यावर सरकणारी चित्रं, आणि समोरच्या एका यंत्राभोवती शंभर माणसं. मागं बसून ऐकलं तर काहीही समजत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत यंत्रापाशी गेलो आणि तिथल्या मास्टर ट्रेनरला विनंती करून जोडणी चार वेळा स्वतःच्या हातानं केली: बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते), व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं), कंट्रोल युनिट (आपल्या टेबलावरचं, मतं मोजणारं). तुम्हीही लाज न बाळगता करा. यंत्र एकदा हाताखालून गेलं की निम्मी भीती जाते.

त्याच दिवशी स्वतःच्या मताचीही सोय बघावी लागते. माझं मत माढा लोकसभा मतदारसंघात, कारण माण त्यात येतो. ड्युटी लागली सातारा मतदारसंघात. एकाच लोकसभा मतदारसंघात मत आणि ड्युटी असेल तर ईडीसी, म्हणजे निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळतं आणि नेमणुकीच्या केंद्रावरच मत देता येतं. माझ्यासारख्यांना नमुना १२ भरून टपाली मतदान करावं लागतं, तेही सुविधा केंद्रावर जाऊन. ‘नंतर बघू’ म्हटलेले माझे दोन सहकारी मताशिवाय राहिले. अर्ज पहिल्याच प्रशिक्षणाला द्या, सोबत मतदार ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा.

दुसरं प्रशिक्षण वाईला होतं. तेव्हा कळलं की नेमणूक वाई विधानसभा क्षेत्रात आहे. हे क्षेत्र नकाशात एकदा बघाच: खंडाळ्याच्या माळापासून सुरू होतं, वाईचा ऊसपट्टा, पाचगणी-महाबळेश्वरचं पठार घेतं आणि पार कोयनेच्या पाण्यापलीकडं कांदाटी खोऱ्यापर्यंत जातं. नेमकं केंद्र निघायच्या दिवशीच कळणार होतं. घरी आईला सांगितलं की कदाचित तापोळ्याकडं जावं लागंल. ती म्हणाली, “तिकडं पानी लई हाय म्हणं. बघून ये.”

तयारीला बाजारातून चांगला टॉर्च घेतला ३५० रुपयांचा. आणखी दोनशे-सव्वादोनशे रुपयांत पेनं, कार्बन, ब्लेड, कात्री, सेलोटेप, मेणबत्त्या, एक सुतळीचा गुंडा आणि रबरी चप्पल. साहित्याच्या पिशवीत यातलं बरंचसं मिळतं, पण ऐन वेळी ते पिशवीच्या तळाशी असतं. शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या कडक भाकरी आणि गूळ आईनं बांधून दिला. रक्तदाबाच्या गोळ्या दोन दिवसांच्या नव्हे, चार दिवसांच्या घेतल्या. तेही बरंच झालं.

५ मेच्या रात्री साताऱ्याला मेहुण्यांकडं मुक्काम केला आणि ६ मे, सोमवारी पहाटे पाचला निघून सातच्या आत वाईत पोचलो. मांडव, लाऊडस्पीकर, टेबलांच्या रांगा. माझं पाकीट देताना पलीकडचे लिपिक म्हणाले, “सर, लाँचचं केंद्र आलंय तुम्हाला.” शेजारच्या रांगेतल्या लोकांनी वळून माझ्याकडं बघितलं. ते बघणं काही मला आवडलं नाही.

पथकात माझ्यासोबत फलटणचे एक हायस्कूल शिक्षक, कोरेगावचे एक लिपिक, खटावचा नुकताच नोकरीला लागलेला कृषी सहायक, एक शिपाई आणि एक पोलीस शिपाई. चौघंही मतदान कर्मचारी जिल्ह्याच्या कोरड्या बाजूचे. त्यातल्या दोघांना पोहता येत नव्हतं, तिसरा मी.

साहित्य ताब्यात घेताना घाई करू नका. आम्ही कोपऱ्यात सतरंजी पसरून तासभर फक्त पडताळणी केली. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट या तिन्हींवरचे क्रमांक यादीशी जुळवले. मार्क्ड कॉपीचं, म्हणजे खुणा करायच्या मतदार यादीचं, प्रत्येक पान आपल्याच केंद्राचं आहे ना, हिरव्या कागदी मोहरा, स्ट्रिप सील, स्पेशल टॅग मोजून पुरेसे आहेत ना, पितळी मोहोर, लाख, शाईची बाटली गळत नाही ना. आमच्या पिशवीत लाख नव्हती. मागितली, मिळाली. लाँचमध्ये बसल्यावर ते लक्षात आलं असतं तर कुठून आणणार होतो? आणखी एक: व्हीव्हीपॅटच्या मागं कागदाच्या रोलचा खटका असतो. प्रवासात तो आडवा, काम सुरू करताना उभा. हे मी तळहातावर पेनानं लिहून ठेवलं होतं.

बस साडेअकराला सुटली. यंत्रं मांडीवर घेऊन पसरणीचा घाट चढलो. पुढं महाबळेश्वरात मे महिन्याची गर्दी, गाडीला गाडी लागलेली. आमची एसटी पाऊण तास एका जागी उभी होती. मक्याची कणसं, घोड्यांच्या रपेटी, टोप्या घातलेली मुलं. तिथून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर तापोळा. रस्ता सुटला तो वळणावळणानं खाली उतरतच राहिला. झाडी दाट, करवंदं पिकलेली, आणि मग एका वळणावर एकदम पाणी दिसलं. निळं, लांबच लांब, डोंगरांच्या मधल्या प्रत्येक घळीत शिरलेलं. बसमधले सगळे गप्प झाले. खटावचा पोरगा म्हणाला, “सर, हे सगळं एकाच धरणाचं?”

एकाच. कोयना महाबळेश्वरात उगम पावते आणि बराच पल्ला उत्तर-दक्षिण वाहते, दोन डोंगररांगांच्या मधून. हेळवाकपाशी ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. ते वळण यायच्या आधी धरण बांधलं आणि मागची सगळी दरी भरली. तोच शिवसागर, क्षमता १०५ टीएमसी. हे मी शिकवलेलं होतं. पण दरी भरली म्हणजे दरीतला रस्ता, शेत, बाजाराची वाट, एका काठाची दुसऱ्या काठाशी असलेली सोयरीक, सगळंच पाण्याखाली गेलं. हे फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं.

मेमध्ये पाणी उतरलेलं असतं. तापोळ्याला काठापासून बरंच खाली चालत जाऊन लाँचमध्ये बसलो. बाजूला वाहनं नेणारा तराफा उभा होता, आणि पुढं बांधकाम चालू असलेल्या पुलाचे खांब. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातली. यंत्रांच्या पेट्यांना मी जाड प्लॅस्टिक गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं. पाऊण तास लाँच चालली. दोन्हीकडं उतरलेल्या पाण्याच्या रेषा, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. काठाच्या गाळपेर जमिनीत कुठं कुठं हिरवे तुकडे. मधेच लाँचवाल्या दादांनी हात करून दाखवलं: पाण्यातून वर आलेली दगडी जोती. “जुनं गाव. पानी लई उतरलं की दिसतं.”

गावाचं नाव मी लिहीत नाही. मतदार इतके थोडे आहेत की पुढं जे लिहिणार आहे त्यावरून माणसं ओळखू येतील.

लाँच काठाला लागत नव्हती. गाळात फळी टाकली आणि घोट्याच्या वर चिखलातून यंत्रं डोक्यावर धरून आम्ही उतरलो. रबरी चप्पल तिथं कामाला आली, फलटणच्या सरांचे बूट तिथंच राहिले असते. पोलीस पाटील आणि कोतवाल न्यायला आले होते. पाटलांना सगळे तात्या म्हणत होते, मीही म्हणू लागलो. ते म्हणाले, “चला, जवळच हाय.” पाऊण तासाची उभी चढण निघाली. यंत्रं पथकानंच उचलायची असतात, म्हणून तात्यांनी आमच्या बाकीच्या पिशव्या घेतल्या. साठी ओलांडलेला माणूस, दोन्ही खांद्यांवर पिशव्या, आणि बोलत बोलत आमच्या पुढं.

शाळा दोन खोल्यांची, जिल्हा परिषदेची. पट सहा. वर पत्रा, समोर व्हरांडा, मागं जांभळीचं झाड. मोबाइलला रेंज नाही. देवळामागच्या एका दगडावर उभं राहिलं की एखादी दांडी येते. केंद्र संपर्काबाहेरच्या यादीत होतं, त्यामुळं दर दोन तासांची आकडेवारी पोलिसांच्या वायरलेसवरून कळवायची होती. असं केंद्र आलं तर निघण्यापूर्वीच क्षेत्रीय अधिकाऱ्यांकडून निरोप कुणी, कसा, किती वाजता द्यायचा ते लिहून घ्या. आम्ही घेतलं होतं.

चार वाजता मांडणीला लागलो. शंभर आणि दोनशे मीटरच्या खुणा चुन्यानं मारल्या, उमेदवारांची यादी दाराबाहेर लावली. मतदान कक्षाची जागा ठरवायला वेळ गेला. व्हीव्हीपॅटवर थेट ऊन किंवा प्रखर दिवा येऊन चालत नाही, आणि खोलीच्या दोन्ही खिडक्या नेमक्या पूर्वेला. शेवटी पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून कक्ष उभा केला आणि खिडकीला शाळेची चटई टांगली. खिडकी उघडी राहिली तर मताची गुप्तताही जाते, हे विसरू नका.

सहा वाजता वळीव आला. आमच्या माणात वळीव आला की पोरं अंगणात नाचतात. इथं पत्र्यावर असा दणका की शेजारचं बोलणं ऐकू येईना. वीज गेली, आणि यंत्रांच्या बरोब्बर वर पत्रा गळायला लागला. पेट्या उचलून दुसऱ्या खोलीत, बाकांवर, त्यावर प्लॅस्टिक. पुढचे दोन तास टॉर्चच्या उजेडात मी पाकिटांवर केंद्राचं नाव, क्रमांक, तारीख लिहीत बसलो. हे काम आदल्या रात्रीच करून ठेवा. छापील नमुन्यांतली जी माहिती बदलणार नाही ती सगळी आधीच भरा, नमुना १७ सी, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाच्या प्रतींसुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात थरथरत असतात.

जेवण शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी केलं: नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भात. कुणा कार्यकर्त्याचा पाहुणचार घ्यायचा नसतो, म्हणून आम्ही आधीच मावशींशी बोलून सहा जणांचे दोन वेळचे ९०० रुपये ठरवले. त्या घेईनात. “माझी नोकरी जाईल मावशी,” म्हटल्यावर घेतले.

रात्री यंत्रं उशाशी घेऊन झोपलो. झोप कसली, डोळे मिटून पडलो एवढंच. मॉक पोल, म्हणजे सकाळच्या चाचणी मतदानानंतर यंत्र क्लिअर करायचं विसरलो तर, हा एकच विचार.

७ मे. पहाटे चारला तोंड धुवायला बाहेर आलो तर खालच्या वाटेवर उजेडाचे चार-पाच ठिपके हलत होते. झऱ्यावर बायका होत्या. मावशी म्हणाल्या, “उन्हाळ्यात झरा बारीक होतो. एक हंडा भरायला पाव तास. म्हणून रात्रीच नंबर लावतो.” झऱ्यापासून खाली, अंधारात, तो सगळा शिवसागर पसरलेला होता. पाणी दिसतं, पण वर चढत नाही. मी टँकरच्या गावचा माणूस, मला ते समजायला शब्द लागले नाहीत. आमच्यासाठी त्यांनी दोन हंडे आधीच भरून ठेवले होते. आम्ही सहा जणांनी एका बादलीत उरकलं.

साडेपाचला मॉक पोल. दोन उमेदवारांचे प्रतिनिधी हजर होते, दोघं सख्खे चुलतभाऊ. किमान पन्नास मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. मग कंट्रोल युनिटवरची क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं. प्रतिनिधींना आकडे दाखवले, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून मोजल्या, मागं शिक्के मारले, काळ्या पाकिटात घातल्या. पुन्हा टोटल दाबून शून्य दाखवलं. व्हीव्हीपॅटचा कप्पा रिकामा आहे हेही दाखवलं. मी प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलत होतो आणि फलटणचे सर यादीवर टिक करत होते. ही युक्ती जरूर करा, माणूस एकटा चुकतो. सात वाजायला दहा कमी असताना सगळं सीलबंद झालं, प्रमाणपत्रावर सह्या झाल्या, तेव्हा कुठं मी पहिल्यांदा पाणी प्यायलो.

सातला पहिल्या मतदार कोण? त्याच झऱ्यावरच्या बायका. हंडे घरी टाकून, डोक्यावर पदर घेऊन, रांगेत.

यादीत २३१ नावं होती. बीएलओ, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या, गावच्याच अंगणवाडी ताई, बाहेर झाडाखाली यादी घेऊन बसलेल्या. त्यांना यादी उघडावीच लागत नव्हती. “हा कोपरखैरण्याला, माथाडीत. हे दोघं घणसोलीला. ही नांदायला गेली. हे वारले, पण नाव हाय अजून.” एएसडी यादी, म्हणजे गैरहजर, स्थलांतरित आणि मयत यांची यादी, माझ्यासाठी आदल्या दिवशीपर्यंत एक कागद होता. ताईंच्या तोंडून ऐकताना लक्षात आलं की हा या खोऱ्याचा खरा नकाशा आहे. वर भात, नाचणी, वरी पिकवणारं एक गाव, आणि नवी मुंबईच्या मार्केटात ओझी उचलणारं दुसरं. पूर्वी बाजाराला डोंगर उतरून पलीकडं रत्नागिरीच्या खेडला जायचे म्हणे, चालत. आता पोटाची वाट मुंबईची. माणातली माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, इथली लाँच धरतात.

नऊपर्यंत ३१ मतं झाली. एका आजोबांच्या कार्डावर वय नीट दिसत नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “भूकंप झाला तवा बायकोच्या पोटात थोरला होता.” १९६७ चा कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर. इथं वय असंच मोजतात. ओळख पटवायला कार्डावरचा फोटो आणि यादीतला फोटो पुरला. मतदार कार्ड नसेल तर आयोगानं बारा पर्यायी कागदपत्रं दिलेली आहेत. आमच्याकडं आधारच्या खालोखाल मनरेगाची जॉबकार्डं आली. एका बाईंचं डाव्या हाताचं पहिलं बोट विळ्यानं गेलेलं होतं. शाई कुठं लावायची म्हणून आमचा लिपिक थांबला. अशा वेळी डाव्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला लावतात.

अकराच्या सुमारास घाम फुटला. रजिस्टरवर ५८ आणि यंत्राच्या टोटलवर ५७. मतदान थांबवलं नाही, पण माझं काळीज तोंडाशी आलं. पाच मिनिटांनी पोलीस दादा व्हरांड्याच्या पायरीवरून एका बाबांना धरून आत घेऊन आले. सही झाली, शाई लागली, आणि ‘झालं मत’ म्हणून बाबा पायरीवर तंबाखू मळत बसले होते, मतदार चिठ्ठी हातात तशीच. त्यांनी बटण दाबलं, बीप वाजला, टोटल ५८. तेव्हापासून दर दहा मतदारांनी मी रजिस्टर आणि टोटल जुळवत राहिलो. तुम्हीही तसंच करा, संध्याकाळी फरक शोधता येत नाही.

दुपारी ऊन चढलं आणि केंद्र सुनं झालं. त्या वेळात दैनंदिनी लिहून घ्यावी, तासाची गोष्ट त्याच तासाला. अडीच वाजता एक आजी आल्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून नातवांनी आणल्या. यादीत वय ८७. पंच्याऐंशीच्या वरच्यांना नमुना १२ डी भरून घरून मत देता येतं. तसं का केलं नाहीत म्हणून सहज विचारलं. नातू म्हणाला, फॉर्म आणले होते, आजीच नको म्हणाली. आजींना डोळ्यांनी कमी दिसत होतं, म्हणून नातवाला सोबत घेता आलं. त्याचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं, नमुना १४ ए मध्ये नोंद करायची आणि सोबत्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची. मत देऊन आजी व्हरांड्यात टेकल्या. मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, “गुरुजी, लाँचनं आलासा का? ती वळली न्हवं, डाव्या अंगाला?” म्हटलं, हो. “त्याच्या खाली माजं म्हायार.” एवढंच बोलून त्यांनी पाणी प्यायलं.

त्या सोळा-सतराच्या असताना लग्न होऊन वर आल्या असतील. मग दरीत पाणी आलं. माहेरची माणसं कुठं गेली ते मी विचारलं नाही. मला तेवढा धीर झाला नाही.

पाच वाजता ११९. आता संथ होणार असं वाटत असताना तात्या धावत आले. “मुंबईची पोरं येत्यात. खाली लाँच दिसली.” काही घरांतली माणसं यात्रा आणि मत दोन्ही धरून रात्रीच मुंबईहून निघाली होती, पण घाटात गाडी बंद पडून अडकली. लाँच काठाला लागायला साडेपाच होणार. वरची चढण मला ठाऊक होती.

मतदान सहाला बंद. सहा वाजता जो रांगेत असेल त्याला, शेवटून सुरुवात करून, क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्यायच्या. त्यांचं मत कितीही उशीर झाला तरी घ्यायचं. सहानंतर आलेला नाही. यात केंद्राध्यक्षाला कसलीच मोकळीक नाही. मी माझ्या सहीच्या चिठ्ठ्या तयार ठेवल्या आणि दारात उभा राहिलो. खालच्या वाटेवर माणसं दिसत होती. शाळेच्या पायरीवर अर्धं गाव जमलेलं, कुणी ओरडत नव्हतं. प्रचार नको म्हणून पोलीस दादांनी लोकांना मागं सरकवलं होतं. सहाला दहा कमी असताना पहिले तिघं पोचले, मग दोघी बहिणी, मग आणखी चौघं, छातीचा भाता झालेला. नऊ जण. पोलीस दादांच्या घड्याळात, माझ्या घड्याळात आणि कंट्रोल युनिटवर सहा वाजले. मी रांगेच्या शेवटच्या माणसाला पहिली चिठ्ठी दिली.

सहा वाजून सात मिनिटांनी दहावे आले. पन्नाशीचे असतील. गुडघ्याला पट्टा. हातात मतदार कार्ड आधीच काढून धरलेलं.

मी पुढं जाऊन सांगितलं, “दादा, वेळ संपली. मला घेता येणार नाही.” ते काही बोलले नाहीत. कार्ड खिशात ठेवलं. मागून कुणीतरी म्हणालं, “सर, सात मिन्टं. आतली मानसं अजून मत देत्यात की.” दोन्ही प्रतिनिधीही माझ्याकडं बघत होते, आणि त्या दोघांचीही हरकत नव्हती, हे मला दिसत होतं. पण तशी मुभा नियमात कुठंच नाही. घेतलेलं ते एक मत आख्ख्या केंद्राच्या मतदानावर प्रश्न उभा करू शकतं. हे मी त्यांना जमेल तसं सांगितलं. त्या माणसानंच मागच्यांना गप्प केलं. “गुरुजींचं बरोबर हाय. गुडघा माजा.”

माझ्यासाठी त्या दोन दिवसांतलं सगळ्यात अवघड काम ते होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर काय बोलायचं ते आधीच मनात ठरवून ठेवा, आणि माणसाच्या डोळ्यांकडं बघून सांगा. मी आधी घड्याळाकडं बघून बोललो होतो. मग पुन्हा वळून त्यांच्याकडं बघितलं.

आतली नऊ मतं झाली. एकूण १२८, पुरुष ६१, स्त्रिया ६७. क्लोज दाबलं. १७ सी भरून दोन्ही प्रतिनिधींना प्रती दिल्या, सह्या घेतल्या. लाख, मेणबत्ती, पितळी मोहोर. पाकिटं बंद करताना इथं बहुतेकजण चुकतात: १७ सी, केंद्राध्यक्षाची दैनंदिनी आणि मॉक पोलचं प्रमाणपत्र स्वीकृतीच्या टेबलावर वेगळं मागतात. ते मोठ्या पाकिटात सील करून बसू नका. मी त्या तिन्हींसाठी वेगळी पिशवी गळ्यात अडकवली होती.

आठच्या सुमारास उतरायला लागलो. आदल्या दिवशीच्या पावसानं वाट निसरडी, वर अंधार. यंत्रं आमच्या हातात, त्यामुळं टॉर्च धरायला कुणाचा हात मोकळा नाही. पुढून एक उजेड आला. ते गुडघ्याला पट्टा बांधलेले दादा. माझा टॉर्च त्यांनी मागून घेतला आणि पायरी पायरीला थांबत, उजेड आमच्या पायांत धरत, काठापर्यंत आले. “हितं दगुड हाय. हितं डाव्या अंगानं.” याखेरीज बोलणं झालं नाही. लाँच सुटली तेव्हा टॉर्च परत द्यायला ते चिखलात उतरले. मी म्हटलं, राहू दे. त्यांनी ऐकलं नाही.

तापोळ्याला बस उभी होती. वाईला पोचायला रात्रीचे साडेबारा, स्वीकृतीच्या रांगेत आणखी दोन तास. टेबलावरच्या अधिकाऱ्यांनी टोटल, १७ सी आणि रजिस्टर जुळवलं, एका पाकिटावरची माझी राहिलेली सही करून घेतली आणि पोच दिली. ती पोच जपून ठेवा, झेरॉक्स काढा. मानधन मिळालं. त्यातून जेवणाचा आणि साहित्याचा खर्च निघून थोडं उरलं. पहाटे तीनला पथकातल्या सगळ्यांनी एका टपरीवर चहा घेतला आणि आपापल्या दिशेनं गेलो.

सकाळी सातारा-दहिवडी एसटीत झोप लागली ती पुसेगावला उघडली. बाहेर उघडे माळ, रस्त्याकडेला टँकर भरत होता. घरी पोचलो तर आईनं आधी पाणी दिलं आणि विचारलं, “बघितलंस का पानी?”

सांगितलं. पाणी केवढं आहे ते, आणि झऱ्यावरच्या बायका, आणि पाव तासाला एक हंडा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “रातीचा नंबर लावून झोपत्यात कवा त्या?”

मला सांगता आलं नाही.